छोटा छेद

"हाड कापायचं की नाही, एवढंच ठरवायचंय," डॉक्टर म्हणाले.

पंढरीनाथ काळोख्यांच्या हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी तोंडाशीच बुजली होती. अँजिओप्लास्टी तिथे टिकण्यासारखी नव्हती, बायपासच करायला हवी होती. नेहमीच्या पद्धतीत छातीचं मधलं हाड उभं कापतात. ते सांधेपर्यंत तीन महिने वजन उचलायचं नाही. दुसरी पद्धत नवी होती. छातीच्या डाव्या बाजूला, दोन बरगड्यांमधून छोटा छेद घ्यायचा आणि हृदय चालू ठेवूनच जोडणी करायची.

"यात माणूस लवकर हिंडाफिरायला लागतो. पण आम्हाला काम करायला जागा कमी मिळते. अडचण आली, तर ऐन वेळी छाती उघडावीच लागेल."

"छोटाच करा," पंढरीनाथ लगेच म्हणाले.

"बाबा, जरा विचार करा ना," यतीन म्हणाला. मुलगा पुण्याहून रजा काढून आला होता. "मोठ्या ऑपरेशनचा सगळ्यांना अनुभव आहे. हे असलं नवीन कशाला?"

"आणि तीन महिने तुझ्या आईला कोण उचलणार?"

यतीनने हातातली फाईल मिटली.

वासंतीला पॅरालिसिसचा झटका येऊन चार वर्षं होत आली होती. डावी बाजू गेली, जीभ अडखळू लागली. तेव्हापासून बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत पंढरीनाथच तिचं सगळं करत. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, उचलूनच न्यायचं. भात कालवून भरवायचा, केस विंचरायचे. ज्या माणसाने नोकरीत असताना कधी स्वतःचा कप विसळला नव्हता, तो आता तिची पातळं धुऊन वाळत घालायचा. शेजारच्या हंसाबेन आल्या की म्हणायच्या, "भाभी, ऐसा आदमी नसीबवाली को मिलता है." वासंती वाकडं हसायची आणि भिंतीकडे तोंड वळवायची.

सुरुवातीला व्यायामासाठी एक फिजिओथेरपिस्ट यायचा. "पायात ताकद येतेय काका, पण त्या जोरच लावत नाहीत," असं तो म्हणाला, तेव्हा पंढरीनाथांनी त्याचं येणं बंद केलं. तिला आणखी त्रास कशाला? मी आहे ना.

त्या संध्याकाळी त्यांनी तिला दोन्ही पद्धती समजावून सांगितल्या. तिने नीट ऐकून घेतलं.

"मो... मोठंच करा," ती म्हणाली. "घाई... कसली?"

बाहेर येऊन पंढरीनाथ यतीनला म्हणाले, "बघितलंस? स्वतःचे हाल होतील, पण म्हणते मोठंच करा. माझ्या जिवाला धोका नको म्हणून."

त्यांनी छोट्या छेदाच्या कागदावरच सही केली.

ऑपरेशन चांगलं झालं. छाती उघडावी लागली नाही. मात्र बरगड्या जबर दुखत होत्या. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरावी लागे. तरी दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसले, तिसऱ्या दिवशी कठड्याला धरून चालले. वासंतीजवळ दिवसरात्र राहायला जवळच्या मुर्धा गावातली शेवंती नावाची बाई ठेवली होती. ते शेवंतीला रोज फोन करत.

"बऱ्या हायेत ताई. जेवल्या. तुम्ही आरामात या, इथं काय अडलेलं न्हाय."

जखम तपासताना डॉक्टर हसून म्हणाले, "काका, तुम्ही फारच घाई करताय."

"आमच्या घरात सगळे काटक," पंढरीनाथ म्हणाले. "आमच्या हिचं गर्भाशय काढलं होतं. आठव्या दिवशी ओट्याशी उभी. कुरकुरत होती जरा. मी म्हटलं, पोट शिवलंय तुझं, हात नाही शिवलेत. लागली भाकऱ्या थापायला! तेव्हाच्या बायकाच तशा."

ते हसले आणि बरगडीत कळ आली तसे थांबले. यतीन खिडकीतून खाली बघत राहिला. डॉक्टरांनी पट्टी बदलली.

सांगितलं होतं त्याच्या आधीच त्यांना घरी सोडलं. यतीन फोन करायला लागला, तर त्यांनी अडवलं.

"नको. एकदम समोर जाऊन उभा राहतो. तिलाही कळू दे, मी तिच्यासाठी किती लवकर उभा राहिलो ते."

टॅक्सी बिल्डिंगखाली थांबली. यतीन औषधं घ्यायला कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेला. पंढरीनाथ एकटेच लिफ्टने वर आले. दुपारची वेळ होती. या वेळी वासंती झोपते, आणि शेवंती आपल्या घरी जाऊन येते. तिची झोप मोडू नये म्हणून त्यांनी लॅच अगदी हळू उघडलं.

स्वयंपाकघरातून आल्याचा वास येत होता.

वासंती ओट्याशी उभी होती. टाचा उचलून, डावा हात लांब करून तिने वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढला. झाकण उघडलं, उकळत्या चहात साखर घातली आणि वळली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. पंढरीनाथांचा हात आपोआप बरगड्यांवर गेला.

तिने गॅस बंद केला. चहा एका कपात गाळला आणि त्यांच्यासमोरच उभ्याने, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. कप विसळून पालथा घातला. पदराला हात पुसत ती त्यांच्या शेजारून सरळ चालत आतल्या खोलीत गेली, पलंगावर आडवी झाली आणि उजव्या हाताने डावा हात उचलून पोटावर ठेवला.

बाहेर लिफ्टचं दार वाजलं. यतीनची पावलं जवळ आली.

"अहो," ती अडखळत म्हणाली, "उ... उचला मला."