न्हाव्याची पाठ

थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी न्हाव्याची पाठ धरली. तीस वर्षं खुर्चीभोवती उभं राहून कंबर कामातून गेली होती. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन सांगितलं. बायको म्हणाली, "घरचा जावई असताना पाठ कापून घेता? लोक तोंडात शेण घालतील!"

जावई मणक्यांचा डॉक्टर. गोळी नाही, सुरी नाही, नुसत्या हातांनी मणके जागेवर आणायचा. पाटीवरचा 'कायरोप्रॅक्टर' हा शब्द न्हाव्याच्या तोंडात काही बसेना. तो त्याला 'कडकड डॉक्टर' म्हणे. खरं तर न्हाव्याच्या पाठीपेक्षा पोटातच जास्त दुखत होतं. केस कापून झाले की गिऱ्हाइकाची मान आणि पाठ कडाकडा मोडून द्यावी ती त्यानेच, असा त्याचा लौकिक. जावयाने समोरच्याच माडीवर दवाखाना थाटला, तेव्हापासून माणसं केस इकडे कापत आणि पाठ तिकडे घेऊन जात.

आज तिसरी खेप. न्हावी टेबलावर पालथा पडला होता. तोंड टेबलाच्या भोकात, नजर फरशीवर. दाराबाहेर बाकावर बायको, आणि तिच्या शेजारी कंबर धरून बसलेला शिंपी, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक.

"मामा, अंग सैल सोडा."

"सैलच आहे. तुमचं चालू द्या, जावईबापू."

जावयाचे अंगठे पाठीवरून उतरत एका जागी थांबले. नेमकी तीच जागा. न्हाव्याला स्वतःला ती कधी सापडली नव्हती. एक दाब, एक बारीक आवाज, आणि सहा महिन्यांची कळ काटा निघावा तशी निघून गेली. न्हाव्याच्या डोळ्यांतलं पाणी फरशीवर टपकलं. असे हात आपल्याला का नाहीत, एवढंच त्याच्या मनात आलं.

"काय हो, वाटतंय ना बरं?" बायकोने दारातून विचारलं. तिच्यामागून शिंपी मान उंच करून बघू लागला.

न्हावी उठून बसला. पाठ पिसासारखी हलकी. त्याने ती मुद्दाम वाकवली, कमरेवर हात ठेवला आणि कण्हला. "बरं कसलं! एका अंगाला दुखत होतं, ते आता दोन्ही अंगांना लागलंय."

"माझं काय, उद्याही चालेल," असं म्हणत शिंपी चपला शोधू लागला.

जावयाने सासऱ्याकडे पाहिलं. मणका बसल्याचं त्याच्या बोटांना कळलं होतं. तो हात पुसत म्हणाला, "नाही जमलं मला, मामा. माफ करा."

चिडला असता तर बरं झालं असतं. न्हावी आतून आणखीच जळला. तो वाकत जिना उतरला, वाकत रस्ता ओलांडला आणि दुकानाच्या दारातून शिंप्याला हाक मारली, "ये रे, बस! आपला हात काय मेलाय का?"

त्यानंतर चार माणसांत तो कधी सरळ चालला नाही.

सात वर्षांनी, नातू शाळेत जायला लागला त्या वर्षीच्या थंडीत, न्हावी झोपेतच वारला. कुशीवर, अंगाचं मुटकुळं करून. जावयाने त्याला हलकेच उताणं केलं आणि सरळ निजवलं. पाठ कुठेच अडली नाही.