भिंतीवरचा भात

"अहो, ती काठी आधी खाली ठेवा. कावळे भितील," हेमावती म्हणाली.

मालोजी मागच्या दारात काठी उगारून उभा होता. शुक्रवार होता, अंबत्तूरच्या त्याच्या कारखान्याला सुट्टी होती. मद्रासच्या टी. नगरमधल्या आपल्या घराच्या मागच्या अंगणात आज त्या दोन बोक्यांचा काय तो निकाल लावायचा, असं त्याने सकाळीच ठरवलं होतं. एवढ्या तयारीनिशी उभं राहावं आणि बायकोने कावळ्यांची काळजी करावी, याचा त्याला रागच आला.

समोर पायरीवर पट्टू आपल्या वाटीपुढे बसली होती. ही मालोजीच्या वडिलांची, अप्पांची मांजर. वय चौदा, तोंडात नावाला दोन दात. तिचा एक घास चघळून होईपर्यंत भिंतीवरून उतरलेले बोके वाटी चाटूनपुसून साफ करत, आणि जाता जाता तिच्याच तोंडावर पंजा मारून जात. आत घेऊन दार लावलं तर ती अन्नाला तोंड लावत नसे. अप्पांनी तिला जन्मभर याच पायरीवर जेवू घातलं होतं. ते स्वतः ही काठी घेऊन शेजारी बसत, तिची वाटी रिकामी झाली की मगच पानावर जात. अप्पांना जाऊन आठ महिने झाले होते, आणि पट्टूच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. हिला औषधाची नाही, अन्नाची गरज आहे, नाहीतर ही फार दिवस काढणार नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. तरी मालोजीने टॉनिक आणलं. या आठवड्यात ती जरा सावरल्यासारखी दिसत होती, त्याचं सगळं श्रेय त्याने त्या बाटलीला देऊन टाकलं होतं.

बोक्यांवर त्याचे सगळे उपाय करून झाले होते. चपला फेकल्या, त्यातली एक भिंतीपलीकडे गेली ती गेलीच. पाणी ओतावं म्हटलं, तर पाण्याच्या लॉरीमागे घागर घेऊन धावून मिळवलेलं पाणी बोक्यांवर ओतायला मद्रासमध्ये कुणाचा हात धजणार? पिवळा बोका मागच्या घरातल्या सीतालक्ष्मी मामींचा. म्हणजे दुधाच्या वेळी त्यांचा; चोरीच्या वेळी तो कुणाचाच नसे.

हेमावती केळीच्या पानाच्या तुकड्यावर भात घेऊन आली. हा कावळ्यांचा भात. कुणी जेवण्याआधी तो ठेवायचा, कावळा शिवला की पितरांना पोचला, मग घरच्यांनी बसायचं. अप्पांचं वर्ष अजून सरायचं होतं, त्यामुळे मालोजी याबाबतीत फार कडक होता. हेमावती जिन्याकडे वळेल म्हणून तो बाजूला सरला. ती सरळ अंगणाच्या भिंतीशी गेली आणि बोके जिथून उतरत नेमक्या त्याच जागी तिने पान ठेवलं.

"तिथं कुठं? गच्चीवर ठेव! अप्पांचा भात तो. त्या भिंतीवर मांजरं नाचतात!"

हेमावतीने पळी ताटलीवर तीनदा वाजवली आणि हाक घातली, "का, का, का!"

नारळावरून दोन आले, विजेच्या तारेवरून चार, आणि पाहता पाहता भिंत काळी झाली. तेवढ्यात कोपऱ्यातून पिवळे कान वर आले. बोका रुबाबात दोन पावलं चालला असेल नसेल, सगळ्या कावळ्यांनी एकदम कालवा केला. दोघांनी त्याच्या डोक्यावर झेप घेतली, एकाने मागून शेपूट ओढलं. बोका मामींच्या अंगणात कोसळला तो दिसेनासा झाला. त्याच्या मागून आलेला दुसरा अर्ध्या वाटेवर थबकला, आणि आपण नुसते फिरायला निघालो होतो असं दाखवत परत वळला.

पट्टूने मान वर केली नाही. ती आपला घास चघळत होती.

मालोजी थक्क होऊन पाहत राहिला. मग तो बायकोकडे वळला. "तू पितरांना बोक्यांच्या मागे लावलंस?"

"मी कोण लावणार? मांजर मामंजींची. त्यांनीं नाहीं राखायची तर कोणीं?"

ती हे अगदी सहज म्हणाली. बारा वर्षं जिला आपण साधीभोळी समजत आलो तिने चप्पल न फेकता, थेंबभर पाणी न सांडता, मामींशी एका शब्दाने न भांडता हे केलं होतं, याचा मालोजीला मनापासून अभिमान वाटला.

कावळे भातावर तुटून पडले होते. एक मोठा कावळा मात्र कपड्यांच्या दोरीवर बसून मान वाकडी करून पायरीकडे पाहत होता. पट्टूने वाटी चाटून संपवली, तेव्हा कुठे तो भाताकडे उडाला.

मालोजीने आत जाऊन काठी दाराआडच्या खिळ्याला अडकवली. परत आला तेव्हा त्याचा आवाज हळू झाला होता.

"हेमा, उद्यापासून भातावर थोडं तूप घाल. अप्पांना तुपाशिवाय घास उतरत नसे."

"गेल्या शनिवारपासून, इथं ठेवतें तेव्हांपासून, घालतेंच आहें," हेमावती रिकामी वाटी उचलत म्हणाली. "उगीच का इतके जण येतात?"