रविवारचं टेबल

तिनं पेनचं टोपण काढलं. हप्त्यांच्या कागदावर एक सही केली, की दहा माणसांचं ते शिसवी टेबल तिचं होणार होतं.

फर्निचरच्या या दुकानात मांडणी तीच करायची. मऊ पिवळा दिवा, कोऱ्या ताटल्या, टोपलीत प्लास्टरचे पाव. गिऱ्हाईक एकदा खुर्चीत टेकलं की अर्धा सौदा झाला, हे नव्या विक्रेत्यांना शिकवणारीही तीच. आता स्वतःच टेकली आणि फसली. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे तिला काय कळत नव्हतं? पण इथे पाय कुठे, नुसती कोपरं पसरायची होती! दर रविवारी चर्चहून परतल्यावर घरी जेवायला दहा माणसं आणि टेबल चौघांचं. बाकीचे ताट मांडीवर घेऊन बसत.

"हप्त्यांची काळजी सोडा, ताई," विक्रेता म्हणाला. "दर रविवारी दुकानात जादा पाळी घ्या, आपोआप फिटतील."

तिनं मान डोलावली. देवाच्या नावानंच माणसं जेवतील ना या टेबलावर, अशी मनाची समजूतही घालून टाकली.

सासूबाईंना तिनं टेबल दाखवायला मुद्दाम आणलं होतं; जादा पाळीचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. "बघू तरी, रविवारी कसं वाटेल," म्हणत त्या मधल्या खुर्चीत बसल्या. पुढ्यात ताटली दिसताच त्यांनी सवयीनं हात जोडले, डोळे मिटले. जेवणाआधी त्या एकेकाची आठवण काढून प्रार्थना करत. आधी टेबलाशी असलेल्यांची, मग नसलेल्यांची. दुकान आहे म्हणून त्यांनी काही गाळलं नाही.

"प्रभू, माझ्या थोरल्यासाठी तुझे आभार. नातीसाठी, शेजारच्या आजोबांसाठी तुझे आभार. आणि जे आज आमच्यात नाहीत, त्यांना सांभाळ. बोटीवरच्या माझ्या धाकट्याला सांभाळ. माझ्या सुनेला सांभाळ. ती कामावर गेलीय, तिला वेळेवर दोन घास मिळू देत."

सून हातभर अंतरावर उभी होती. मग तिनं पेनला टोपण लावलं आणि ते विक्रेत्याच्या हातात दिलं.

"का हो ताई, टेबलात काही खोट निघाली?"

"छे! झकास आहे. मांडणी कुणाची आहे?"

तिनं सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, इतक्यात आमेन म्हणू नका. आधी मला आभारांत घ्या."