चारपदरी टाका

कापलेल्या टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, कुठला टाका जास्त भक्कम, हे पाहायला डॉक्टर मृण्मयीने वर्षभर बकऱ्याचे टेंडन शिवून त्यांना वजनं टांगली होती. सगळ्यांत जास्त टिकलेला चारपदरी टाका तिने लातूरच्या डाळमिलमध्ये बोटाचा टेंडन कापलेल्या कौशाबाईला घातला. तिसऱ्याच आठवड्यात बाई परत आली. टाका तुटला होता.

सकाळपासून उभी असलेली मृण्मयी वैतागली. "मावशी, हाताला जोर देऊ नका म्हणून किती वेळा सांगितलं! काय उचललंत?"

"उचललं न्हाई, म्याडम. क्लासच्या टेस्टमध्ये मार्क कमी पडले, तर पोरगी गच्चीवरून उडी मारायली होती. धरून ओढली."

मृण्मयीने पुन्हा शिवायची तयारी केली.

"घट्ट शिवा," कौशाबाई म्हणाली. "मोठ्या परीक्षेला अजून दोन महिने हायत."