घोंगड्याला उत्तर

२०१९ सालचा माघ महिना होता. पालीच्या वरच्या धनगरवाड्यात, अंगणाच्या कडेला, सोजराबाई पदरानं चष्मा पुसत उभी होती आणि तिची नात मोहिनी पिशवीतून एकेक दुर्बीण काढत होती. मोहिनीचं दुकान खाली पालीत. राजगड चढायला येणाऱ्यांना ती काठ्या, टोप्या आणि दुर्बिणी भाड्यानं द्यायची.

समोर ओढा, ओढ्यापलीकडे डोंगराची सोंड. सोजराबाईचा नवरा बिरू शेळ्या घेऊन तिथं जाई. दिवस कलला की सोंडेवरून घोंगडं हवेत फिरे. म्हणजे वर सगळं ठीक. मग इथून सोजराबाईनं पदर फडकवायचा. म्हणजे घरीही ठीक. वाड्यावरची जुनी रीत होती ती. पदर दिसला नाही, तर घरी काही विपरीत घडलं असं समजून वरचा माणूस तडक खाली यायचा.

पण त्या महिन्यात बिबट्यानं शेजाऱ्यांची शेळी दिवसाढवळ्या उचलली, आणि सोजराबाईला नुसत्या घोंगड्यावर चैन पडेना.

“घोंगडं दिसतंय, पर माणूस दिसंना,” ती म्हणाली. “मला त्येंचं तोंड बघायचंय.”

पहिली दुर्बीण तळहातात मावणारी. सोजराबाईनं ती चष्म्यावरच टेकवली.

“ह्ये काय गं? काळ्या तव्याला भोक पडल्यागत दिसतंय.”

“चष्मा काढून बघ, आजी.”

“चष्मा काढला तर डोंगरच न्हाई. मग दुर्बीण लावू कुठं, तुझ्या नाकाला?”

मोहिनी हसली. तिनं दुसरी दिली. ही जड होती. भोक जरा मोठं झालं एवढंच, कडेनं काळोख तसाच. पण या वेळी त्या भोकात नेमकं घोंगडं आलं. सोंडेच्या टोकावर उभा राहून एक माणूस ते डोक्यावरून फिरवत होता. मागं पिवळं आभाळ, त्यामुळं तोंड काळंच दिसत होतं. सोजराबाईनं सवयीनं पदर फडकवला.

“घावलं का आबा?”

“घावलं. कसं ताठ उभं हाईत बघ. घरात तेवढी कंबर धरत्यात.”

तिसऱ्या दुर्बिणीच्या डोळ्यांकडच्या रबरी कडा मोहिनीनं आत वळवल्या. “ही चष्मेवाल्यांसाठी हाय. काचेला नुसती टेकव. दाबू नगं.”

काळोख सरला. सगळी सोंड एकदम उघडली. वाळलेलं गवत, विखुरलेल्या शेळ्या, आणि पार खालच्या खडकावर बसलेला बिरू. मांडीवर काठी, घोंगडं घडी करून बुडाखाली. तो तंबाखू मळत होता. तोंड अगदी स्पष्ट दिसत होतं. दाढी वाढलेली होती.

आणि त्याच काचेत, वर टोकावर, घोंगडं अजून फिरत होतं.

सोजराबाईनं दुर्बीण खाली केली.

“मोहिनी, वर कोन हाय?”

मोहिनीनं दुर्बीण घेतली. तिला चष्मा नव्हता, त्यामुळं रबरी कडा पुन्हा बाहेर ओढाव्या लागल्या. तोवर टोक मोकळं झालं होतं. खाली आबा शेळ्या वळवत होते.

“कुणी न्हाई गं, आजी.”

बिरू आला, शेळ्या कोंडल्या, ओट्यावर टेकला. सोजराबाईनं पाण्याचा तांब्या दिला.

“आज घोंगडं लई येळ फिरवलंत,” ती दुसरीकडंच बघत म्हणाली.

“म्या?” बिरूला हसू आलं. “अगं, दोन सालं झाली, ह्यो हात खांद्याच्या वर जात न्हाई. तूच बंडी घालतीस न्हवं मला सकाळी? घोंगडं कशानं फिरवू, दातानं?”

“मग खुणंबिगर निघता कवा तुमी?”

“तू पदर हालवतीस की. पदर दिसला का निघतो. म्हनलं, खुणंबिगरच बोलावतीया म्हातारी, लई जीव लागलाय हिचा.”

मोहिनी दुर्बिणी पिशवीत भरत होती. तिनं मान वर करून सोंडेकडं पाहिलं.

त्याच उन्हाळ्यात शेळ्या विकल्या. बिरू उत्रोलीला लेकीकडं राहायला गेला. तिथं भातखाचराच्या बांधावर बसून त्यानं दोन पावसाळे काढले आणि एका पहाटे झोपेतच गेला. मोहिनीनं दुकान कापूरहोळला हलवलं. चष्मेवालं गिऱ्हाईक आलं की ती रबरी कडा आत वळवून देते, पण डोंगराकडं बघू देत नाही. रस्त्यापलीकडची पाटी वाचायला लावते. तिसरी दुर्बीण मात्र वाड्यावरच राहिली, फडक्यात बांधून कणगीत.

सोजराबाई उत्रोलीला गेली नाही. लेकीनं पुष्कळ विनवलं. “सांजच्याला हितं कुनीतरी पायजे,” एवढंच म्हणाली. अजून दिवस कलला की ती अंगणाच्या कडेला येते, सोंडेकडं तोंड करते आणि पदर फडकवते. पलीकडं आता शेळी नाही, माणूस नाही.

एकदा मोहिनीनं विचारलंच, “आता कुणासाठी गं, आजी?”

सोजराबाईनं पदर खांद्यावर नीट घेतला.

“न्हाई फडकवला, तर खाली यील की.”