‘खासनीस’ शब्दाचं मूळ

“अरे, परत खासनीस करू नकोस!” टोरांटोच्या मराठी आइस हॉकी क्लबातले प्रशिक्षक बचावपटूवर ओरडले.

कडेला मुलीच्या स्केट्सच्या नाड्या बांधत असलेले खासनीस वाकलेलेच राहिले. बारा वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात त्यांनी चकती आपल्याच गोलमध्ये मारली होती. तेव्हापासून क्लबात स्वयंगोलाला त्यांचंच आडनाव लावतात.

“खासनीस म्हणजे काय हो?” त्यांनी बाकावरच्या खेळाडूला विचारून पाहिलं.

“स्वयंगोल, काका. जुना फिनलंडचा शब्द असणार.”

खासनीसांना हायसं वाटलं. शब्द टिकला होता, पण माणूस विसरला गेला होता. आता पोरीला सुखानं खेळता येईल.

“कुणाला काही ठाऊक नाहीये गं,” ते तिच्या कानात म्हणाले.

“ते तसंच राहू दे, बाबा.”

जाकीट काढून ती बर्फावर उतरली. तिच्या जर्सीवर ठळक अक्षरांत आईचं माहेरचं आडनाव छापलेलं होतं.