चुन्यातला हात

टेकडीवरचा पुरातन किल्ला दरवर्षी थोडा कमी होत होता. तो मुळात कुणी बांधला, यावरून दोन प्राध्यापक हमरीतुमरीवर यायचे. तो कमी कोण करतंय, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. गवंड्याच्या ते पथ्यावरच पडलं होतं.

त्याच्या स्वयंपाकघरातला ओटा तिथल्याच दगडांचा होता. शेवटचा दगड उपसताना त्याच्या डाव्या हाताची अर्धी करंगळी चिरडून गेली. बायकोला त्याने सांगितलं, कामावर मशीनमध्ये सापडली. तेव्हापासून त्या ओट्यावरचा चहा त्याच्या घशाखाली नीट उतरत नव्हता.

आज किल्ल्याचा पाया उकरायला प्राध्यापकांनी नेमकं त्यालाच बोलावलं. दुपारी जुन्या चुन्याचा थर उघडा पडला. बांधणाऱ्याच्या डाव्या हाताचा ठसा त्यात स्पष्ट उमटलेला होता.

"हजार वर्षं तरी झाली असतील," एक प्राध्यापक म्हणाले.

"दीड हजार!" दुसरे खेकसले. मग दोघंही खाली वाकले.

"याला करंगळी अर्धीच होती हो."

"खरंच की!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

गवंड्याने डावा हात हळूच खिशात घातला. घरी पोचेपर्यंत तो त्याने बाहेर काढला नाही.

"हात कशाला लपवताय?" म्हणत बायकोने तो ओढून काढला. तळव्यावरून पांढरा थेंब ओघळला आणि ओट्यावर पडला.

"अहो, तुम्ही तर जन्मभर सिमेंटचंच काम केलंत," ती म्हणाली. "मग हा ओला चुना कुठला?"